मुंबईचा पाऊस रडारवर कसा वाचायचा? चित्रं, वेळा, मिलिमीटर आणि फसगती

खाडीकाठ

पावसाळा लागला की गटागटांतून रडारचं एखादं लालभडक चित्र फिरतं आणि खाली लिहिलेलं असतं, "येतोय, घरी निघा." चित्र कधीचं, कोणत्या रडारचं, ढग कुठून कुठे चाललाय, काहीच पत्ता नसतो. रडार आपल्याला तासभर आधी सावध करू शकतं, आणि मुंबईत तेवढ्या वेळात माणूस चर्चगेटहून बोरिवलीला पोचतो. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

हवामान खात्याची मुंबईत दोन मोठी डॉप्लर रडारं आहेत, म्हणजे पावसाबरोबर त्याचा वेगही मोजणारी. कुलाब्याचं एस-बँड, साधारण १० सेंमी तरंगलांबीचं. वेरावलीचं, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरी पूर्वेच्या टेकडीवरचं, सी-बँड, साधारण ५ सेंमीचं. ते जानेवारी २०२२ पासून सुरू आहे. दोन्हींची चित्रं खात्याच्या मौसम संकेतस्थळावर रडार विभागात मिळतात, आणि साधारण दहा-दहा मिनिटांनी नवं चित्र येतं.

पहिली गोष्ट वेळ. चित्रावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर तीत ५ तास ३० मिनिटं मिळवायची. चित्रावर ०९:४० असेल तर ते दुपारी ३:१० चं. ही बेरीज न केल्यामुळे दुपारचा पाऊस सकाळचा समजला जातो. वेळ काढल्यावर घड्याळ बघा. चित्र २० मिनिटांपेक्षा जुनं असेल तर ढग तिथे नाही, पुढे सरकलाय, हे धरूनच चाला.

दुसरी गोष्ट वेग. एका चित्रावरून काही ठरवू नका, किमान तीन चित्रं लागोपाठ बघा. ढगाच्या फिकट कडेला धरू नका, ती सतत फाटते आणि जुळते. ३५ डीबीझेडच्या रंगाची पुढची कड धरा (डीबीझेड म्हणजे थेंबांवरून रडारकडे परतलेल्या शक्तीचं माप, रंगपट्टीवर लिहिलेलं असतं). २० मिनिटांत ती १५ किमी सरकली तर वेग ताशी ४५ किमी. दादरपासून ती कड ३० किमी लांब असेल तर ४० मिनिटं हातात आहेत. अंतर मोजायला चित्रावरची वर्तुळं असतातच. ती नसली तर ओळखीची ठिकाणं वापरा: कुलाब्यापासून अलिबाग सुमारे ३० किमी, कल्याण ५०, विरार ६०, डहाणू १२०.

हा हिशेब तासाभरापुरताच चालतो. मोसमी पावसातला एकटा ढग अर्धा ते एक तास जगतो; त्यापुढे तोच ढग तसाच येईल असं धरणं म्हणजे अंदाज नव्हे, आशा.

दर्यापट्टी

उत्तम सुरुवात. वेगाबरोबर पट्ट्याचा *आकार* बघायला हवा, मुंबईत खरी मेख तिथेच आहे.

जून ते सप्टेंबर खालच्या थरातला वारा पश्चिम-नैऋत्येकडून असतो, त्यामुळे ढग समुद्रावरून पूर्व-ईशान्येकडे सरकतात. आता दोन प्रसंग घ्या.

किनाऱ्याला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेला पट्टा. रुंदी १५ किमी, वेग ताशी ४५. तो तुमच्या डोक्यावरून २० मिनिटांत पार होतो. दिसायला भयंकर, कारण पालघरपासून अलिबागपर्यंत सगळं लाल. पण प्रत्येक ठिकाणी एक दणका आणि मग उघडीप.

दुसरा पट्टा पश्चिम-पूर्व पसरलेला, वाऱ्याच्याच दिशेत. नकाशावर तो बारीक दिसतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण त्यातला प्रत्येक ढग मागच्याच्या वाटेने येतो, एकाच रुळावरून लोकलमागून लोकल यावी तसा. पट्टा १० किमी रुंदीचा आणि ९० किमी लांबीचा असेल तर त्याच उपनगरावर दोन तास कोसळतो आणि शेजारचं उपनगर कोरडं राहतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३ मिमी पडला. दोन्ही केंद्रांत अंतर वीस-पंचवीस किमी. त्या दिवशी मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आज आहे, तर पट्टा कोणत्या दिशेने पसरलाय हे सगळ्यात आधी बघा.

आणि नजर शहरावर नको. नजर वरळी-अलिबागच्या पश्चिमेला ३० ते ६० किमी, उघड्या समुद्रावर हवी. पट्ट्याच्या समुद्राकडच्या टोकाला दर चित्रात नवा ठिपका उगवतोय का? उगवत असेल तर शहरावरचा ढग विरला तरी पाऊस थांबणार नाही. शेपूट तुटली, टोकाला निळं-हिरवं उरलं, की अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. पहाटे हे जास्त दिसतं, कारण रात्री जमिनीवरून निघालेली वाऱ्याची झुळूक मोसमी वाऱ्याला किनाऱ्याजवळ अडते आणि तिथे ढग वर चढतात. सकाळी सातच्या लोकलआधी साडेपाचचं चित्र बघण्यात अर्थ आहे तो यामुळे.

सोपारा_जलद

विरार-नालासोपाऱ्यासाठी कोणतं रडार बघायचं? कुलाब्याच्या चित्रात आमच्यावर पिवळं दिसतं आणि वेरावलीच्या चित्रात फिकट हिरवं. दोन्ही एकाच वेळची. खरं कोणतं?

खाडीकाठ

@सोपारा_जलद, दोन्ही खरी, पण दोघं वेगवेगळ्या उंचीवरचं बघतायत.

रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते, म्हणून लांब गेलं की झोत उंच होतो. अर्ध्या अंशाच्या कोनाला ५० किमीवर झोताचा मध्य सुमारे ६०० मीटरवर असतो, १०० किमीवर दीड किमी, १५० किमीवर २.६ किमी, २०० किमीवर ४ किमीच्या पुढे. कुलाब्याहून विरार ६० किमी, वेरावलीहून ३५-४०. म्हणजे अंतराच्या हिशेबाने विरारसाठी वेरावलीच बरं, ते जमिनीजवळचं बघतं.

पण सी-बँडची एक कमजोरी आहे. ५ सेंमीची लहर जोरदार पावसातून जाताना क्षीण होते. वेरावली आणि विरारच्या मध्ये, म्हणजे बोरिवली-भाईंदरवर, दणकून कोसळत असेल तर त्यामागचं सगळं फिकं दिसतं. १० सेंमीच्या लहरीला हा त्रास फार कमी. शिवाय रडारच्या स्वतःच्या घुमटावर पाऊस पडत असला की घुमटावर पाण्याचा पापुद्रा धरतो आणि चारी दिशांचं चित्र एकदम मंद होतं. जोगेश्वरीत मुसळधार असताना वेरावलीचं चित्र सौम्य दिसलं तर हायसं वाटून घेऊ नका, लगेच कुलाबा उघडा.

थोडक्यात तुमच्यासाठी: मधल्या पट्ट्यात पाऊस नसेल तर वेरावली. मध्ये लाल असेल तर कुलाबा. दोन्हींत फरक असेल तर जास्त दाखवणारं खरं धरा.

कुलाब्यात राहणाऱ्यांना उलटी अडचण. रडारच्या डोक्यावरचं रडारला दिसत नाही. झोताचा सर्वांत वरचा कोन २० अंश धरला तर ५ किमीवर १.८ किमीच्या वरचा ढग सुटतो. कफ परेड, फोर्टच्या लोकांनी वेरावलीचं चित्र बघावं.

पर्जन्यमापक

आता डीबीझेडचे मिलिमीटर कसे करायचे, कारण "लाल" हा काही आकडा नाही.

रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परतलेली शक्ती मोजतं. ती थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढते. थेंब दुप्पट मोठा झाला की परतणारी शक्ती ६४ पट, पण पाणी आठच पट. म्हणून मोजके टपोरे थेंब रडारला मोठे दिसतात आणि असंख्य बारीक थेंब लहान. मोसमी पाऊस बराचसा बारीक-मध्यम थेंबांचा, पण प्रचंड दाटीचा. पाठ्यपुस्तकातलं जुनं सूत्र, ज्यात झेड (परतलेली शक्ती) बरोबर २०० गुणिले आर (ताशी मिमी पाऊस) चा १.६ वा घात, ते अशा पावसाला कमी दाखवतं. उष्ण कटिबंधातल्या पावसासाठी २५० आणि १.२ ही जोडी वापरतात. दोन्हींनी आकडेमोड करून ठेवलीय, पहिला आकडा जुन्या सूत्राचा, दुसरा उष्ण कटिबंधाचा, ताशी मिमी:

३० डीबीझेड: ३ आणि ३
४० डीबीझेड: १२ आणि २२
४५ डीबीझेड: २४ आणि ५६
५० डीबीझेड: ४९ आणि १४७

तिशीत फरक नाहीच, आणि ४५ ला दुपटीहून जास्त. शेवटची ओळ मात्र वळवाच्या ढगाला लावू नका. त्यात टपोरे थेंब, कधी गारा असतात, आणि ५० डीबीझेड म्हणजे १४७ मिमी हा आकडा तिथे साफ फुगलेला निघतो. जून-ते-सप्टेंबरच्या झडीला दुसरा आकडा, मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी ढगाला पहिला.

आता हे शहराशी जोडा. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिनी ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, तीही ओहोटीच्या वेळी. ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता ताशी ५० मिमीपर्यंत नेण्याचं काम हाती घेतलं. म्हणजे ४५ डीबीझेड सलग तासभर एकाच जागी टिकलं तर सुधारलेली वाहिनीसुद्धा अपुरी पडते. तेच ४५ वीस मिनिटं राहिलं तर १९ मिमी. पाणी साचेल आणि ओसरेल. त्यामुळे रंग किती गडद यापेक्षा तो रंग किती मिनिटं टिकला हे मोजा. दर्यापट्टींनी पट्ट्याच्या दिशेबद्दल लिहिलं ते इथे कामाला येतं.

भरतीचं कोष्टक शेजारी ठेवाच. ४.५ मीटरच्या वरची भरती असली की पाणी समुद्रात स्वतःहून जात नाही. दरवाजे लावावे लागतात आणि सगळा भार हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध या उदंचन केंद्रांच्या पंपांवर येतो. दुपारी १ ला उधाण आणि १२:३० ला पट्टा पोचणार असा मेळ जमला की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे या वाटा आधीच सोडा.

उधाणवारा

@पर्जन्यमापक, कोष्टक उतरवून घेतलं. पण रडारचा पाऊस आणि प्रत्यक्ष पाऊस जुळतोय हे बसल्या जागी कसं ताडायचं?

पर्जन्यमापक

महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या संकेतस्थळावर वॉर्डनिहाय स्वयंचलित पर्जन्यमापकांचे आकडे दर १५ मिनिटांना येतात. आपल्या जवळचं केंद्र आणि आपल्या *पश्चिमेचं* केंद्र, दोन्ही बघा. कुर्ल्याला राहत असाल तर वांद्र्याचं. वांद्र्याला १५ मिनिटांत १५ मिमी म्हणजे ताशी ६० चा जोर, आणि रडारवर तो ढग ४० डीबीझेड दाखवत होता असं समजा. कोष्टकाप्रमाणे २२ यायला हवे होते. तर त्या दिवशी रडार निम्म्याहूनही कमी सांगतंय. तोच ४० डीबीझेडचा रंग तुमच्याकडे सरकत असेल तर २२ नाही, ६० धरून चला. अशी ताडणी दर पावसात नव्याने करावी लागते, कारण थेंबांची जात बदलते.

एक सावधगिरी: २४ तासांची बेरीज सकाळी ८:३० ते ८:३० धरतात. खात्याच्या भाषेत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. हे सगळे २४ तासांचे आकडे आहेत. ७० मिमी दिवसभरात पडला तर शहराला कळतही नाही, दीड तासात पडला तर रुळांवर पाणी येतं. शब्द मात्र दोन्हींना एकच.

सौदामिनी

सगळी चर्चा समुद्राकडची चाललीय. ठाणे, कल्याण, नवी मुंबईकरांसाठी वळवाचा आणि परतीचा पाऊस वेगळा वाचावा लागतो.

मे-जूनचे पहिले दिवस आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे हस्ताचा पाऊस. वरचा वारा पूर्वेचा असतो. दुपारी दोन-तीनला घाटमाथ्यावर, भीमाशंकर, माळशेज, लोणावळ्याकडे ढग उभे राहतात आणि संध्याकाळी पश्चिमेकडे उतरतात. इथे नजर समुद्रावर ठेवून बसलात तर पाठीमागून गाठतो.

यासाठी मॅक्स झेड हे चित्र वापरा. त्याच्या वरच्या आणि उजव्या बाजूला ज्या पट्ट्या असतात त्या ढगाची उंची दाखवतात. वरची पट्टी पश्चिम-पूर्व छेद, उजवीकडची दक्षिण-उत्तर. ४५ डीबीझेडचा रंग ८-१० किमीपर्यंत चढलेला दिसला तर तो विजांचा ढग. शून्य अंश तापमानाची पातळी आपल्याकडे या दिवसांत साधारण ५ किमीवर असते. गडद रंग तिच्या वर गेला म्हणजे ढगात बर्फकण आणि पाणी एकत्र आहेत, वीज तिथेच तयार होते. मोसमी झडीत हाच रंग बहुधा ५-६ किमीच्या खालीच राहतो, म्हणून जुलैत पाऊस खूप आणि गडगडाट कमी.

मॅक्स झेडचा तोटाही लक्षात ठेवा. ते प्रत्येक जागेवरच्या उभ्या रकान्यातली सर्वांत मोठी किंमत दाखवतं. वर ७ किमीवर ४० असेल आणि जमिनीवर थेंबही नसेल, तरी चित्र ४० च म्हणेल. विझत चाललेल्या ढगाचं असंच होतं.

वाऱ्यासाठी पाऊस येण्याची वाट बघू नका. १३ मे २०२४ च्या दुपारी धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. अशा ढगातून खाली आदळलेला गार वारा पावसाच्या पुढे धावतो. रडारवर तो कधी कधी एका बारीक, फिकट, कमानीसारख्या रेषेने दिसतो, ढगाच्या पुढे काही किलोमीटर. १५-२० डीबीझेडची ती रेष लोक कचरा समजून सोडून देतात. ती दिसली तर पाऊस अर्ध्या तासावर असला तरी वारा दहा मिनिटांवर आहे. गच्चीवरचे पत्रे, बांधकामावरचे परांचे, होर्डिंगखालची पार्किंग, हे तेव्हाच आवरायचं.

विजेसाठी दामिनी ॲप जवळ ठेवा. आणि कडकडाट ऐकू येतोय म्हणजे वीज साधारण पंधरा किमीच्या आत आहे, मैदान सोडायला तेवढं कारण पुरे.

उधाणवारा

सौदामिनीताई, वेगाचं चित्र कसं वाचायचं तेही सांगा. त्यात समुद्रावर अचानक उलटे रंग दिसतात.

सौदामिनी

उणे आकडे म्हणजे थेंब रडारकडे येतायत, अधिक म्हणजे दूर जातायत. रंग प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकतात, म्हणून बाजूची पट्टी वाचून मगच अर्थ लावा. रडारला फक्त आपल्या दिशेतला वेग कळतो. आडवा वारा त्याला शून्य दिसतो, तेव्हा शून्य म्हणजे वारा नाही असं समजू नये.

उलटे रंग म्हणजे वेगाची घडी पडणे. रडार लहरी सलग नाही, तुटक स्पंदांनी सोडतं; मोजता येणारा कमाल वेग तरंगलांबी गुणिले स्पंदांचा दर भागिले चार इतका असतो. सेकंदाला १००० स्पंद धरले तर सी-बँडला १२.५ मीटर प्रतिसेकंद, एस-बँडला २५. मोसमी वारा दीड किमी उंचीवर सहज १५-२० असतो. दोन वेगवेगळे दर वापरून ही मर्यादा वाढवतात, तरी जोराच्या वाऱ्यात घडी उरतेच. ओळखायची खूण सोपी: गडद उण्याला चिकटून थेट गडद अधिक आलं, मध्ये शून्य नाही, तर ती घडी. खरा वळलेला वारा शून्यातून जातो.

कौलारू

पण एवढं कशाला? फोनवरच्या ॲपमध्ये पाऊस सरळ नकाशावर हलताना दिसतो, पुढचे दोन तासही दिसतात. नाहीतर उपग्रहाचं चित्र आहेच.

दर्यापट्टी

@कौलारू, ॲप वाईट नाही, पण त्यात काय दाखवलंय ते तपासा. बऱ्याच ॲपमध्ये "आत्ता" च्या रेषेपर्यंतचं रडार किंवा उपग्रहावरून काढलेलं असतं आणि पुढचं संगणकी प्रतिमानातलं किंवा मागची हालचाल पुढे ओढलेली. रेषेच्या अलीकडे-पलीकडे ढगांचा पोत एकदम बदलला, कडा गुळगुळीत झाल्या, की ओळखा: निरीक्षण संपलं. पुढे ओढलेल्या चित्रात नवा ढग जन्मत नाही आणि जुना मरत नाही, मुंबईत तर समुद्रावर हेच सतत चाललेलं असतं.

उपग्रहाचं म्हणाल तर आपल्या इन्सॅट उपग्रहांची अवरक्त चित्रं ढगाच्या माथ्याचं तापमान सांगतात. मोसमी पाऊस पुष्कळदा बुटक्या, उबदार माथ्याच्या ढगांतून पडतो. उपग्रहाला तिथे खास काही दिसत नाही आणि खाली दादर भिजत असतं. उलट घाटावरच्या विझलेल्या वादळाचा पसरलेला पांढराशुभ्र माथा शहरावर येतो, चित्र भयानक, पाऊस शून्य. उपग्रह सहा तासांपुढच्या अंदाजाला वापरा, अरबी समुद्रावर काय जमतंय हे पाहायला. पुढच्या तासासाठी रडारच.

खाडीकाठ

फसव्या खुणा राहिल्या होत्या, त्या लिहितो.

रडारपासून बाहेरच्या कडेपर्यंत एकाच दिशेला गेलेली सरळ, बारीक रेघ म्हणजे पाऊस नव्हे. ती रेडिओचा व्यत्यय. सी-बँडची वारंवारता ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायच्या शेजारची, म्हणून वेरावलीसारख्या रडारांना हा त्रास अधिक संभवतो.

चित्रामागून चित्र एकाच जागी, एकाच आकाराचा ठिपका दिसला तर तो डोंगर किंवा उंच इमारत. पाऊस हलतो, माथेरान हलत नाही. त्याच्यामागे पाचरीच्या आकाराची रिकामी जागा असेल तर तिथे झोत अडलाय, आणि "तिथे पाऊस नाही" हा निष्कर्ष काढू नये.

तानसा, भातसा, वैतरणेवरच्या पावसासाठी कुलाब्याचं चित्र जपून वापरा. भातसा सुमारे ९० किमीवर आहे, झोत तिथे सव्वा किमीवर असतो, आणि घाटाच्या उतारावरचा बराच पाऊस त्याखालीच तयार होतो. रडारवर फिकट हिरवं आणि धरणात पाणी वाढतंय, हे तिथे नेहमीचं.

सोपारा_जलद

आणि ऐन पावसात रडारचं चित्र अडकलं तर?

पर्जन्यमापक

आधी चित्रावरची वेळ पुढे सरकतेय का बघा. पान नव्याने उघडूनही तीच वेळ असेल तर फोनमधली साठवलेली प्रत पुसून पुन्हा उघडा. तरी तेच आलं तर दुसऱ्या रडारकडे वळा. दोन्ही बंद असली तर महापालिकेच्या पर्जन्यमापकांचीच साखळी लावा: पश्चिमेची केंद्रं आधी, मग आपलं. कुलाबा, वरळी, दादर, वांद्रे, अंधेरी यांपैकी कुठे १५ मिनिटांचा आकडा १० च्या वर गेला आणि पुढच्या १५ मिनिटांत त्याच्या पूर्वेचं केंद्र चढलं, की दिशा आणि वेग दोन्ही मिळाले. खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा त्याच्या जोडीला वाचा. पाणी भरायला लागलंच तर महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. फोन करताना रस्त्याचं नाव, जवळची खूण आणि पाणी घोट्याला की गुडघ्याला एवढं सांगितलंत तर पथक योग्य पंप घेऊन निघतं.